तिकीट स्वस्त की गाडी वेळेवर? युरोपातल्या प्रवासाचं गणित

युरोपीय संघातल्या २७ देशांत मिळून लोक रस्त्याने आणि रेल्वेने जेवढं अंतर कापतात, त्यातल्या दर १०० किलोमीटरपैकी ८० हून जास्त किलोमीटर खासगी मोटारीत बसून कापले जातात. रेल्वे आणि बस यांच्या वाट्याला प्रत्येकी दहा किलोमीटरही येत नाहीत. हा आकडा पहिल्यांदा वाचताना पुष्कळांना पटत नाही, कारण आपल्यापर्यंत पोचतो तो पर्यटकांच्या फोटोंतला युरोप. पर्यटक शहराच्या मध्यभागी उतरतो, मेट्रोने फिरतो, एका राजधानीतून दुसरीत रेल्वेने जातो. ज्या गावात बस दिवसातून दोनदा येते तिथे तो कधी उतरत नाही. त्या गावातली माणसं मात्र रोज मोटारीनेच कामाला जातात, आणि अशी गावं, अशी उपनगरं युरोपात फार आहेत.

तरीही या एका आकड्यावरून युरोपातली सार्वजनिक वाहतूक म्हणजे नुसता देखावा आहे असं ठरवणं चूक होईल. आकडा कसा तयार होतो ते आधी पाहायला हवं.

माप काय लावलंय?

युरोस्टॅट ही युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था. तिचं कार्यालय लक्झेंबर्गमध्ये आहे. सगळ्या देशांकडून आलेले आकडे ती एका मापात बसवते. ते माप म्हणजे प्रवासी-किलोमीटर. एका माणसाने एक किलोमीटर प्रवास केला की एक प्रवासी-किलोमीटर झाला. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून बर्नला निघालेल्या रेल्वेगाडीत ३०० माणसं असतील आणि अंतर साधारण १२० किलोमीटर धरलं, तर त्या एका फेरीचे ३६,००० प्रवासी-किलोमीटर होतात. मोटारीलाही हेच माप लागतं. पण मोटारीत तिकीट फाडलं जात नाही, त्यामुळे तिथला आकडा रस्त्यावरची वर्दळ, घरोघरच्या पाहण्या आणि एका गाडीत सरासरी किती माणसं बसतात याचा अंदाज यांवरून काढावा लागतो.

हे माप लांबच्या प्रवासाच्या बाजूने झुकतं. एखादी मुलगी शाळेच्या २०० दिवसांत रोज एक किलोमीटर चालत गेली आणि चालत परत आली, तर वर्षाला तिचे ४०० किलोमीटर होतात. तीच मुलगी सुट्टीत आईवडिलांबरोबर मोटारीने २०० किलोमीटरवरच्या आजीकडे एकदा जाऊन आली, तरी तेवढेच ४०० किलोमीटर. प्रवासी-किलोमीटर मोजले तर ती निम्मी मोटारीची, निम्मी पायी. फेऱ्या मोजल्या तर ४०० वेळा पायी आणि दोनदा मोटारीने. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत. नेदरलँड्समध्ये चारातली एकाहून जास्त फेरी सायकलवर होते, पण एकूण अंतरात सायकलचा वाटा दहा टक्क्यांच्या आत राहतो.

शिवाय वर दिलेल्या ढोबळ विभागणीत मोटार, बस आणि रेल्वे एवढ्याच गोष्टी धरतात. मेट्रो, ट्राम, सायकल आणि पायी चालणं त्यात येत नाही. म्हणजे शहरांत ज्यांच्यावर दिवसभराचा गाडा चालतो, तीच साधनं या हिशेबाबाहेर राहतात. म्हणून कुठल्याही देशाचा आकडा समोर आला की दोन गोष्टी विचाराव्यात: अंतर मोजलंय की फेऱ्या, आणि कोणती वाहनं धरली आहेत. एवढं विचारलं तरी बातम्यांमधले निम्मे गोंधळ मिटतात.

सरासरी हलत नाही, पण खाली पुष्कळ घडतंय

गेल्या तीन दशकांत युरोपातला मोटारीचा वाटा फारसा हललेला नाही. वरून पाहिलं तर काहीच झालं नाही असं वाटेल. खरं तर दोन प्रवाह एकमेकांच्या उलट वाहत होते आणि बेरजेत एकमेकांना खोडत होते.

पहिला प्रवाह पूर्वेकडचा. १९९० च्या आधी पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रोमानिया या देशांत मोटार घ्यायची तर वर्षानुवर्षं नाव लावून थांबावं लागे. कारखान्याच्या पाळ्यांना धरून बस सुटत, रेल्वे गावोगाव जाई. साम्यवादी राजवटी कोसळल्यावर जर्मनीतल्या वापरलेल्या मोटारी मोठ्या संख्येने पूर्वेकडे आल्या, कारखाने बंद पडले आणि त्यांच्याभोवती उभी असलेली बससेवाही ढासळली. पोलंडमध्ये पीकेएस नावाची सरकारी बससेवा होती, आपल्या एसटीसारखी देशभर पसरलेली. तिचे तुकडे झाले, बरेचसे तुकडे खासगी झाले किंवा बंद पडले. आज पोलंडमध्ये अशी गावं आहेत जिथे गाडी चालवता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात जायचं तर शेजाऱ्याकडे शब्द टाकावा लागतो. निवडणुकीत हा मुद्दा निघतो, आणि निघायलाच हवा.

त्याच पोलंडमध्ये रेल्वे मात्र परत उभी राहिली. युरोपीय संघाच्या निधीतून रूळ दुरुस्त झाले, नव्या गाड्या आल्या, आणि २०२४ मध्ये प्रवाशांची संख्या ४० कोटींच्या वर गेली. नव्वदच्या दशकानंतर एवढे प्रवासी तिथल्या रेल्वेने पाहिले नव्हते. एकाच देशात रेल्वे चढते आणि गावची बस मरते, हे राष्ट्रीय सरासरीत दिसत नाही.

दुसरा प्रवाह पश्चिमेकडच्या शहरांमधला. फ्रान्सने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळ्या ट्राम उखडून टाकल्या होत्या, दोन-तीन शहरांत काय ते अवशेष उरले. १९८५ मध्ये नाँतने ट्राम पुन्हा सुरू केली, १९९४ मध्ये स्ट्रासबुर्गने. स्ट्रासबुर्गने ट्राम आणताना शहराच्या मधल्या चौकातली मोटारींची वाटही बंद केली, आणि मग एकामागून एक फ्रेंच शहरांनी तो मार्ग धरला. यासाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात मालकवर्गाकडून येतो. फ्रान्समध्ये ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पगाराच्या रकमेवर वाहतूक कर भरावा लागतो. १९७१ मध्ये तो पॅरिसपासून सुरू झाला. कामगार वेळेवर पोचतो याचा फायदा मालकालाही होतो, तेव्हा त्यानेही भार उचलावा, असा हा विचार. मला तो अगदी रास्त वाटतो.

स्वित्झर्लंड: महाग तिकीट, भरलेल्या गाड्या

आता या लेखाच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. माणूस मोटार सोडून रेल्वेत किंवा बसमध्ये कशामुळे बसतो? सगळ्यात आधी सुचणारं उत्तर म्हणजे तिकीट स्वस्त करा. स्वित्झर्लंडचा अनुभव मात्र वेगळा आहे. तिथली तिकिटं स्वस्त नाहीत; युरोपात महागड्यांत मोडतात. पण माणशी रेल्वेप्रवास युरोपात सगळ्यात जास्त तिथेच होतो, वर्षाला अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. युरोपीय संघाची सरासरी हजाराच्या आत आहे.

यामागे वेळापत्रक आहे. १९८२ मध्ये स्विस रेल्वेने देशभर ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लागू केलं. गाडी ८ वाजून २ मिनिटांनी असेल, तर ९ वाजून २ मिनिटांनीही असणार, आणि १० वाजून २ मिनिटांनीही. प्रवाशाला वेळापत्रक पाहायची गरज उरत नाही, मिनिट लक्षात ठेवलं की पुरे. पण खरी हुशारी याच्या पुढची आहे. १९८७ मध्ये स्विस जनतेने मतदान करून एका मोठ्या योजनेला मंजुरी दिली. योजना अशी की मोठ्या जंक्शनवर सगळ्या दिशांच्या गाड्या तास भरायच्या काही मिनिटं आधी येतील, प्रवासी फलाट बदलतील आणि तास उलटल्यावर काही मिनिटांतच सगळ्या गाड्या सुटतील. जी गाडी बदलायची ती समोर उभीच असते. तासभर ताटकळणं संपलं.

हे साधायला दोन जंक्शनांमधला वेळ एका तासाहून थोडा कमी असावा लागतो. झुरिक ते बर्न प्रवासाला पूर्वी तासाहून दहाएक मिनिटं जास्त लागत. म्हणून त्यांनी वाटेत ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला, आणि डिसेंबर २००४ पासून तो प्रवास ५६ मिनिटांत होऊ लागला. अर्ध्या तासात पोचवणारी गाडी बांधायच्या मागे ते लागले नाहीत. गाडी लवकर पोचून पुढच्या गाडीसाठी थांबणार असेल तर त्या वेगाचा प्रवाशाला काय उपयोग? आधी वेळापत्रक ठरवायचं आणि मग त्याला लागतील तेवढेच रूळ, तेवढेच बोगदे बांधायचे, हा क्रम मला युरोपातल्या साऱ्या वाहतूक धोरणांतला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे आणि इतरत्रही बहुतेक ठिकाणी आधी मार्ग बांधतात, उद्घाटन करतात, आणि वेळापत्रक शेवटी ठरतं.

रेल्वे जिथे संपते तिथे पिवळ्या पोस्ट बस सुरू होतात. गाडी आली की काही मिनिटांत बस निघते. १०० माणसं कायम राहत असतील अशा वस्तीपर्यंत सार्वजनिक वाहन पोचवण्याची तजवीज तिथल्या नियमांत आहे. एवढं करूनही स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून बरंच जास्त अंतर मोटारीनेच कापलं जातं, हेही सांगायला हवं. जगातली उत्तम म्हणावी अशी रेल्वे उभी केली तरी मोटार नाहीशी होत नाही. पण ज्याला मोटार नको आहे, परवडत नाही किंवा चालवता येत नाही, त्याचं काही अडत नाही. माझ्या लेखी हे यश मोठं आहे.

व्हिएन्नाचा ३६५ युरोंचा पास

मे २०१२ मध्ये ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाने सार्वजनिक वाहतुकीचा वर्षाचा पास ४४९ युरोंवरून ३६५ युरोंवर आणला. दिवसाला एक युरो. ही गोष्ट जगभर गाजली, आणि बऱ्याच शहरांनी तसाच पास आणायचा मनसुबा जाहीर केला. पासधारकांची संख्या चार लाखांच्या आतून आठ लाखांच्या पुढे गेली, शहरात नोंदलेल्या मोटारींपेक्षा पास जास्त झाले.

पण आता फेऱ्यांचा वाटा पाहू. १९९३ मध्ये व्हिएन्नातल्या रहिवाशांच्या १०० फेऱ्यांपैकी ४० मोटारीने आणि २९ सार्वजनिक वाहनाने होत. २०१२ पर्यंत सार्वजनिक वाहतूक ३९ वर आणि मोटार २७ वर आली होती. २०१९ मध्ये सार्वजनिक वाहतूक ३८, मोटार २५. म्हणजे मोठी चढण पास स्वस्त होण्याआधीच चढून झाली होती. स्वस्त पासमुळे सुटी तिकिटं घेणारे लोक पासधारक झाले, पास खिशात असल्याने त्यांचं ट्राम-मेट्रोशी नातं सैल झालं नाही, आणि हा फायदा लहान नाही. पण लोकांना मोटारीतून बाहेर काढलं ते १९७८ पासून एकेक करून बांधलेल्या मेट्रो मार्गांनी, पाच-सात मिनिटांनी येणाऱ्या ट्रामनी आणि पार्किंगने.

पार्किंगबद्दल फार कमी बोललं जातं. २०१२ मध्येच व्हिएन्नाने पार्किंगचे दर वाढवले आणि रस्त्यावर गाडी लावायला पैसे लागणारा पट्टा पश्चिमेकडच्या वस्त्यांपर्यंत पसरवला. मार्च २०२२ पासून जवळजवळ अख्खं शहर त्यात आलं. त्याशिवाय व्हिएन्नातल्या मालकांना प्रत्येक कामगारामागे आठवड्याला दोन युरो मेट्रोसाठी भरावे लागतात. स्वस्त पासची जाहिरात होते. त्याच्या मागे उभा असलेला पार्किंगचा आणि मालकांवरच्या कराचा पैसा जाहिरातीत दिसत नाही, आणि ज्या शहरांनी फक्त पास उचलला त्यांची पुढे पंचाईत होते.

करोनानंतर, २०२३ मध्ये, व्हिएन्नाची विभागणी पुन्हा बदलली: ३२ फेऱ्या सार्वजनिक वाहनाने, ३२ पायी, २६ मोटारीने, १० सायकलने. सार्वजनिक वाहतूक घसरली म्हणून हळहळावं तर ती माणसं मोटारीत गेलेली नाहीत. घरून काम करणारा माणूस दुपारी जवळच्या दुकानात चालत जातो आणि ती एक फेरी पायी म्हणून नोंदली जाते. ट्रामचा वाटा कमी झाला म्हणजे शहर बिघडलं असं दर वेळी नसतं.

जर्मनीतला मोठा प्रयोग

युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर इंधन महागलं तेव्हा जर्मन सरकारने २०२२ च्या जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये ९ युरोंत महिनाभर देशभर कुठेही फिरण्याचा पास काढला. लोकल, मेट्रो, ट्राम, बस, प्रादेशिक गाड्या सगळं त्यात. फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या वगळल्या. तीन महिन्यांत सुमारे ५ कोटी २० लाख पास विकले गेले. एरवी पैशांअभावी घरी बसणारी माणसं समुद्र पाहायला गेली, नातेवाइकांना भेटली. हा भाग मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. गरीब माणसाचा प्रवास वाढणं हे अपयश कसं मानायचं?

पण सरकारचा एक हेतू मोटारी कमी करण्याचा होता, आणि तिथे पाहण्यांतून निघालं ते असं की त्या पासवरच्या साधारण दहातल्या एका फेरीने मोटारीची जागा घेतली. बाकीच्या फेऱ्या एक तर नव्याने झालेल्या किंवा आधीच बस-रेल्वेने होणाऱ्या. मोटारीने कामाला जाणाऱ्या माणसाला पेट्रोल महाग पडतं हे खरं, पण त्याची मुख्य अडचण वेगळी असते: त्याच्या गावाहून सकाळी साडेसहाला बसच नसते, किंवा असते ती पुढच्या गाडीला मिळत नाही. नसलेल्या बसचं तिकीट फुकट केलं तरी तो त्यात कसा बसणार?

मे २०२३ पासून त्याची कायमची आवृत्ती आली, ४९ युरोंचा डॉइचलांड टिकेट. जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींच्या बोलण्यात हा शब्द आता सहज येतो. याचा मोठा गुण किमतीपेक्षा सोपेपणात आहे. जर्मनीत प्रत्येक विभागाचं वेगळं भाडेमंडळ, वेगळे पट्टे, वेगळे नियम. अशा मंडळांची सुरुवात हाम्बुर्गने १९६५ मध्ये केली तेव्हा ती मोठी सुधारणा होती, कारण एका शहरातल्या सगळ्या वाहनांना एकच तिकीट चालू लागलं. पण कालांतराने एका मंडळातून दुसऱ्यात जाणाऱ्याला तिकीटयंत्रासमोर उभं राहून कोडं सोडवावं लागे. एका पासने ते कोडं संपवलं. सव्वा कोटीहून जास्त लोक तो बाळगतात.

आणि याच काळात जर्मनीची लांब पल्ल्याची रेल्वे बिघडत गेली. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून, आणि रद्द झालेल्या गाड्या हिशेबात न धरता. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांच्या आत आलेलीच गाडी वेळेवर समजतात, आणि तिथे हे प्रमाण ९३ टक्के होतं. जर्मनीहून उशिरा येणाऱ्या गाड्यांना स्विस रेल्वे बरेचदा सीमेवरच्या बासेललाच थांबवते आणि पुढे स्वतःची गाडी सोडते, नाहीतर एका उशिरामुळे त्यांची सगळी जुळणी विस्कटेल. जर्मनीत अनेक वर्षं रूळ, सिग्नल आणि पूल यांच्या दुरुस्तीवर पुरेसा खर्च झाला नाही. पासने प्रवासी आणले, पण त्यांना वाहून नेणारे रूळ आधीच थकलेले होते.

मुंबईकरांना यातलं काही ओळखीचं वाटेल. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं, प्रवासी परत आले, पण पुढच्या वर्षांत बसचा ताफा आक्रसत गेला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. ज्याला थांब्यावर अर्धा तास उभं राहावं लागलं, त्याला पाच रुपयांचं अप्रूप किती दिवस राहणार?

फुकट केलं तर?

लक्झेंबर्गने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभरची सार्वजनिक वाहतूक मोफत केली; फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला पैसे लागतात. तिकिटांतून खर्चाचा दहावा भागही निघत नव्हता, त्यामुळे श्रीमंत देशाला ते जड गेलं नाही. तरी दर हजार माणसांमागे मोटारींची संख्या तिथे युरोपात अगदी वरच्या क्रमांकात राहिली. देशात दोन लाखांहून जास्त माणसं रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात, आणि सीमेपलीकडचा त्यांचा प्रवास मोफत नाही. तिथे लोकांना जास्त उपयोगी पडली ती २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२५ मध्ये विमानतळापर्यंत पोचलेली ट्राम.

एस्टोनियाची राजधानी टॅलिन २०१३ पासून आपल्या रहिवाशांना मोफत नेते. बसमधली गर्दी वाढली, पण वाढलेल्यांत पूर्वी पायी जाणारे पुष्कळ होते. महापालिकेला मात्र एक वेगळा लाभ झाला: मोफत प्रवासासाठी लोकांनी टॅलिनचे रहिवासी म्हणून नाव नोंदवलं आणि त्यांच्या आयकराचा वाटा शहराकडे आला.

ब्रिटनची बस

१९८६ मध्ये ब्रिटनने लंडन वगळता बससेवा खुली केली. कुठल्या मार्गावर, किती वाजता, किती भाड्याने बस चालवायची ते कंपन्या ठरवू लागल्या. नफ्याच्या मार्गावर तीन कंपन्यांच्या बस एकामागून एक, आणि संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी एकही नाही, असं अनेक ठिकाणी झालं. एका कंपनीचं तिकीट दुसरीला चालेना. लंडनमध्ये मात्र मार्ग, वेळा आणि भाडं ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक संस्थेकडेच राहिला. खासगी कंपन्या कंत्राटावर गाड्या चालवतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून २०१४ पर्यंत लंडनच्या बसचे प्रवासी साधारण दुप्पट झाले. त्याच काळात मँचेस्टर, लिव्हरपूल, शेफील्ड अशा मोठ्या शहरी भागांत ते जवळपास निम्म्यावर आले. देश एकच, काळ एकच, पेट्रोलचे भावही तेच. इतका स्वच्छ पुरावा वाहतुकीच्या विषयात क्वचित मिळतो.

मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून बससेवा टप्प्याटप्प्याने परत ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पूर्ण झालं. सगळ्या बस एकाच पिवळ्या रंगात, ट्राम आणि बसला एकच भाडंपद्धत. लंडनबाहेरच्या इंग्लंडमध्ये असं करणारा तो पहिला प्रदेश.

मंगळवार ते गुरुवार

२०२० मध्ये युरोपीय संघातले रेल्वेचे प्रवासी-किलोमीटर जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा पुष्कळांनी सार्वजनिक वाहतुकीचा शेवट जाहीर करून टाकला. २०२३ मध्ये तेच आकडे सुमारे ४२९ अब्जांवर गेले, २०१९ च्या ४१४ अब्जांच्याही पुढे. मात्र परत आलेला प्रवासी जुना नाही. ऑफिसात जाणारा आता आठवड्यातून दोन-तीनदाच जातो, आणि बहुधा मंगळवार ते गुरुवार. सोमवारी आणि शुक्रवारी सकाळच्या लोकल तुलनेने मोकळ्या, शनिवार-रविवारी सहलीच्या गाड्या तुडुंब. महिन्याचा पास पूर्वी आपोआप काढला जाई. आता माणूस हिशेब करतो. रेल्वेला मात्र गाड्या आणि चालक मंगळवारच्या गर्दीसाठीच ठेवावे लागतात, आणि ते शुक्रवारी बसून राहतात. खर्च तोच, उत्पन्न कमी, हे कोडं नेदरलँड्सपासून ब्रिटनपर्यंत सगळ्यांपुढे आहे.

लांबच्या प्रवासात चित्र जास्त आशादायक आहे. माद्रिद ते बार्सिलोना हा ६२१ किलोमीटरचा वेगवान मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि विमानाचे प्रवासी मोठ्या संख्येने गाडीकडे वळले. २०२१ पासून त्याच रुळांवर दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्याही धावू लागल्या, भाडी उतरली, प्रवासी वाढले. फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांत रेल्वेने पोचता येईल अशा ठिकाणी देशांतर्गत विमानं बंद केली, पण प्रत्यक्षात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून जाणारे तीनच मार्ग त्यात सापडले. नाव मोठं झालं, फरक थोडा पडला.

सीमा ओलांडताना मात्र अडचणी सुरू होतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये तारांमधला दाब १५ हजार व्होल्टचा. पोलंड, इटली आणि बेल्जियममध्ये मुख्यतः ३ हजारांचा आणि वेगळ्या जातीच्या विजेचा. नेदरलँड्समध्ये दीड हजारांचा. स्पेनचे जुने रूळ इतरांपेक्षा रुंद, बाल्टिक देशांचेही वेगळे. सिग्नलची पद्धत बदलते, चालकाला त्या देशाची भाषा यावी लागते, तिकीट दोन कंपन्यांच्या दोन संकेतस्थळांवरून काढावं लागतं, आणि पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर भरपाई कोणाकडे मागायची हे बरेचदा कळत नाही. मोटारीला यातलं काहीच आड येत नाही.

आता स्वस्ताईचा काळ सगळीकडे ओसरतोय. डॉइचलांड टिकेट जानेवारी २०२५ मध्ये ५८ युरोंवर आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंवर गेला. व्हिएन्नाचा गाजलेला पास २०२६ पासून ४६० युरोंच्या पुढे गेला. इंग्लंडमधल्या बसचं कमाल भाडं दोन पौंडांचं तीन पौंड झालं. पैसा मर्यादित असताना तो भाड्यातल्या सवलतीला द्यायचा की फेऱ्यांना आणि रुळांना, ही निवड आता सरकारांना उघडपणे करावी लागतेय. माझं मत फेऱ्यांच्या आणि रुळांच्या बाजूने आहे. सवलत ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांना मिळावी, आणि ती भरघोस मिळावी.

जर्मनीने त्या दिशेने एक अवघड पाऊल टाकलंय. मुख्य मार्ग तुकड्या-तुकड्यांनी दुरुस्त करण्याऐवजी महिनोन्‌महिने पूर्ण बंद ठेवून रूळ, सिग्नल, स्थानकं सगळं एकदम नवं करायचं. फ्रँकफुर्ट ते मानहाइम हा सुमारे ७० किलोमीटरचा अतिशय वर्दळीचा मार्ग जुलै ते डिसेंबर २०२४ असा पाच महिने बंद होता, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हाम्बुर्ग–बर्लिन मार्ग बंद करण्यात आला. त्या मार्गांवरच्या छोट्या गावांतले लोक या काळात बदली बसने कामावर जातात, आणि यादीत असे आणखी कितीतरी मार्ग आहेत. काम पुढच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालेल असा तिथल्या रेल्वेचा बेत आहे.